तीन घमेलीं माती आणि घरचीं मुलें

मुलांना सुटींत काय उद्योग द्यावा, हा प्रश्न पूर्वीं शेतकऱ्याच्या घरीं उद्भवत नसे. गोठा, खळें, पाटाचें पाणी व बांधावरच्या बोरी यांतच त्यांचा दिवस सरे. आतां आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें-नातवंडें शिक्षणाच्या अगर नोकरीच्या निमित्तानें पुणें शहरांत राहूं लागलीं आहेत. घर तिसऱ्या-चवथ्या मजल्यावर, अंगण नाहीं, आणि माती म्हणजे दाराशीं पायपुसण्याला लागते तेवढी. अशा घरीं मुलांकडून करवून घेण्याजोगे, फारसा पैसा न लागणारे व मागें कचरा न उरविणारे हस्तव्यवसाय कोणते, अशी विचारणा आमच्याकडे वारंवार होते. बाजारांत याकरितां तयार संच मिळतात. पण त्यांतील पुष्कळांस इतक्या प्लॅस्टिकच्या पिशव्या व चकाकते कागद गुंडाळलेले असतात कीं, कचरा वांचविण्याचा धडा वेष्टणापाशींच संपतो.

आमचें उत्तर असें कीं, आषाढापासून कार्तिकापर्यंतच्या आपल्या सणांतच हा अभ्यासक्रम बांधलेला आहे. बेंदराचे बैल, भाद्रपदांतील पार्थिव गणपति, आश्विनांतील घट आणि दिवाळीचा किल्ला, हीं चारही कामें मातीचीं आहेत व चारही मुलांच्या हातून होण्यासारखीं आहेत. आज शहरांत त्यांकरितां चार वेळां माती, किंवा मातीऐवजीं दुसरेंच कांहीं, विकत आणतात आणि चार वेळां तें टाकून देतात. आपल्या शेतांतील तीन घमेलीं माती एकदांच आणून तीच चारही कामांस पुरवावी, व शेवटीं ती पुढील वर्षासाठीं शिल्लक उरावी, असा प्रयोग आम्हीं गेलीं तीन वर्षें पुण्यांतील मुलाच्या बिऱ्हाडीं करून पाहिला. त्यांतील चुकांसह तो येथें देत आहों.

पहिल्या वर्षीं पोतें सोडतांच नातीनें विचारलें, "आजोबा, ही माती किती दिवस टिकते? हिच्यावर तारीख कोठें आहे?" कुंड्यांकरितां विकत आणलेल्या पिशवीवर तिनें छापील मजकूर पाहिला होता, त्यावरून तिचा हा समज झाला. प्रश्न हसण्यासारखा वाटला खरा. परंतु शेतकऱ्याच्या नातीला तो विचारावा लागला, याचें आम्हांस त्या दिवशीं वाईटच वाटलें.

मातीची पारख.— प्रथम मुलांना माती ओळखावयास शिकवावें. कांचेच्या उंच बाटलींत एक-तृतीयांश माती घालून वर पाणी भरावें, झांकण लावून खूप हलवावें व बाटली स्थिर ठेवावी. वाळू मिनिटाभरांत तळाशीं बसते, तिच्यावर कांहीं तासांत पोयटा बसतो, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशींपर्यंत पाणी गढूळ ठेवते. बाटलीवर कागदाची पट्टी डकवून थरांच्या खुणा मुलांकडूनच करवाव्या. दुसरी परीक्षा हाताची. ओल्या मातीची पेन्सिलीएवढी वळी करून ती बोटाभोंवतीं वळवावी. न तुटतां वळली तर माती चिकण, भेगाळली तर मध्यम, आणि वळीच न झाली तर वाळूसर समजावी. गांवाकडून येतांना काळी, तांबडी व नदीकाठची अशा तीन पुरचुंड्या आणल्यास मुलें हा खेळ तासन्‌तास खेळतात.

पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागांतील काळी जमीन ही काळ्या कातळाची, म्हणजे बेसाल्टाची, झीज होऊन झालेली आहे. तींतील चिकणमाती भिजली कीं फुगते व वाळली कीं आकसते. उन्हाळ्यांत शेताला पडणाऱ्या भेगा याच कारणानें पडतात. हें आम्हांस पक्कें ठाऊक असूनही पहिल्या वर्षीं आम्हीं बैल निव्वळ काळ्या मातीचे केले! तिसऱ्या दिवशीं सर्व बैलांच्या माना तडकल्या आणि धाकट्या नातवाच्या बैलाचें शिंगांसकट डोकें खालीं आलें. तो रडूं लागला. मग त्याला मळ्यांतील भेगांचें एक छायाचित्र दाखविलें, तेव्हां तो गप्प झाला व "म्हणजे शेतही वाळल्यावर फुटतें?" असें म्हणाला. दुसऱ्या खेपेस दोन भाग काळी माती, एक भाग चाळलेली बारीक वाळू आणि मूठ-दोन मूठ सुकें चाळलेलें शेण असें मिश्रण करून रात्रभर भिजत ठेवलें व सकाळीं चांगलें तिंबलें. वाळूनें आकसणें कमी होतें व शेणांतील तंतूंनीं माती धरून राहते. वस्तु सावलींतच वाळवाव्या, उन्हांत ठेवूं नयेत.

बैल.— दक्षिण महाराष्ट्रांत आषाढांत बेंदूर, इतरत्र बहुतेक ठिकाणीं श्रावणी अमावास्येचा पोळा, तर पुणें जिल्ह्याच्या कांहीं भागांत भाद्रपदी पोळा असतो. ज्या घरीं जी रीत असेल त्या दिवसाच्या आधीं आठ-दहा दिवस हें काम काढावें. कसबा पेठेंतील कुंभारवाड्यांत या दिवसांत मातीचे बैल मिळतात. त्यांतील एक जोडी नमुना म्हणून आणण्यास हरकत नाहीं. कुंभाराच्या हाताचें वळण पाहण्याजोगें असतें व त्याच्या धंद्यासही आधार होतो. परंतु बाकीचे बैल मुलांनीं करावे. येथें मोठ्यांनीं एकच काम करावें : खिलाराचीं लांब, मागें वळून वर गेलेलीं निमुळतीं शिंगें कशीं असतात, डांगीचीं आंखूड व जाड कशीं, आणि त्याच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे कसे असतात, तें सांगावें. पाय बारीक करण्याचा मोह मुलांना फार होतो. बारीक पाय वाळतांना मोडतात, म्हणून चारही पाय अंगठ्याएवढे जाड ठेवावे.

बैल झाल्यावर गाडी हवीच. ज्वारीच्या सुकलेल्या धाटाचें टणक साल सोलून काढावें. आंतील पांढरें भेंड मऊ असतें, त्याचे तुकडे करावे आणि सालाच्या चिंबट काड्या त्यांत टोंचून सांगाडा जुळवावा. डिंक नको, खिळा नको. खेड्यांतील गुराख्यांच्या पोरांना ही विद्या कोणीं शिकविली नव्हती. ज्यांच्याकडे धाट नाहीं त्यांनीं आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी वापरावी. ही युक्ति अरविंद गुप्ता यांनीं देशभर पसरविली. पुण्याच्या आयुका संस्थेंतील मुलांच्या विज्ञान केंद्रांत त्यांनीं २००३ पासून सुमारें दहा वर्षें टाकाऊ वस्तूंचीं खेळणीं केलीं व शिकविलीं, आणि २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. सालाची धार तीक्ष्ण असते, तेव्हां सोलण्याचें काम मोठ्यांनीं करावें.

गणपति.— पूजा झालेले बैल ज्यांच्या घरीं विसर्जन करण्याची रीत आहे त्यांनीं ते बादलींतच विरघळवावे. तीच माती गाळून, जाड फडक्यावर निथळून, पुन्हां तिंबली कीं गणपतीस उपयोगी पडते. (भाद्रपदी पोळा पाळणाऱ्यांचे बैल गणपतीनंतर होतात, त्यांनीं क्रम उलटा धरावा.) पावसाळी हवेंत वीतभर मूर्ति वाळण्यास आठ-दहा दिवस सहज लागतात, म्हणून श्रावणाच्या दुसऱ्या पंधरवड्यांतच आरंभ करावा. पाटावर चपटी बैठक, तीवर पोटाचा गोळा, मांडी घातलेले पाय, मग डोकें व शेवटीं कान, असा क्रम ठेवावा. जोडावयाच्या दोन्ही बाजू काडीनें ओरखडून त्यांवर पातळ चिखल लावावा, म्हणजे सांधा निखळत नाहीं. सोंड पोटावर टेकलेली असावी. अधांतरी सोंड मुलांच्या हातून टिकत नाहीं.

रंगाकरितां गेरू, हळद, चुना व कोळशाची पूड पुरे होते. हळदींत चुन्याची निवळी घातली कीं ती लाल होते, हा चमत्कार मुलांना अवश्य दाखवावा. हळदीचा रंग उन्हानें उडतो, परंतु दीड किंवा दहा दिवसांच्या पाहुण्यास तेवढा पुरतो. तेलरंग मात्र लावूं नये. त्याचा थर बसला म्हणजे पाणी आंत शिरत नाहीं व माती मातींत मिळत नाहीं. मूर्ति पूर्ण वाळलेली असली तर बादलीच्या पाण्यांत ती कांहीं तासांत बसते. अर्धी ओली मूर्ति उलट फार वेळ घेते.

पुष्कळांस वाटतें कीं, शाडू आणला म्हणजे काम झालें. शाडू ही मातीच आहे व प्लॅस्टरपेक्षां ती केव्हांही बरी. परंतु तो आपल्याकडील नव्हे, बहुतांशीं गुजरातेंतून येतो. शेतकऱ्यानें घरची माती असतां परमुलुखांतील माती विकत घ्यावी, हें आम्हांस पटत नाहीं. प्लॅस्टरची गोष्ट निराळी आहे. तें भाजलेलें जिप्सम होय. पाणी लागतांच पुन्हां घट्ट जिप्सम बनतें आणि एका लिटर पाण्यांत अवघें दोन-अडीच ग्रॅम विरघळतें. दोन किलोंची मूर्ति विरघळण्यास हजार लिटरांच्या आसपास पाणी लागेल, हा हिशेब मुलांकडून पाटीवर मांडवून घ्यावा.

ज्यांच्या घरीं अशी मूर्ति आलीच असेल त्यांच्यासाठीं पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें एक उपाय काढला, व २०१६ पासून पुणें महानगरपालिकेनें त्यासाठीं अमोनियम बायकार्बोनेट नागरिकांस वाटण्यास आरंभ केला. त्याच्या द्रावणांत मूर्ति ठेवली असतां प्लॅस्टरचें रूपांतर तळाशीं बसणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटांत होतें, आणि वरच्या पाण्यांत अमोनियम सल्फेट उरतें. हें आपलें ओळखीचें खत, ज्यांत सुमारें २१ टक्के नत्र असतें. तें भरपूर पाणी मिसळून फुलझाडांस द्यावें. मूर्तीवरील रंगांची खात्री नसते, म्हणून भाजीपाल्यास देऊं नये. उपाय उत्तम आहे. पण पहिल्यापासून मातीची मूर्ति केली तर तो करावा लागत नाहीं.

विसर्जित मूर्तीची माती पुन्हां वापरावी काय, असा आक्षेप आमच्याच घरांत निघाला. उत्तरपूजेनें देवत्वाचें विसर्जन होतें व मागें माती राहते, असें शास्त्र जाणणारे सांगतात. विसर्जनाहून परततांना नदीची वाळू अगर माती घरीं आणून चहूंकडे टाकण्याची चालही जुनीच आहे. तथापि ज्यांच्या मनास हें रुचत नसेल त्यांनीं मूर्तीची माती तुळशींत घालावी व तेवढी माती तुळशींतून काढून पुढील कामास घ्यावी. आमच्या घरीं शेवटीं हाच तोडगा निघाला.

घट.— येथें कलाकुसर थोडी, पण शेतीचा धडा मोठा. पत्रावळीवर मातीचा थर देऊन मध्यें घट ठेवतात व भोंवतीं सात किंवा नऊ धान्यें पेरतात. मूर्तीची माती नुसतीच वापरली तर ती वर कडक पापुद्रा धरते व कोंब अडतात. तींत बरोबरीनें कुजलेलें पालापाचोळ्याचें खत मिसळावें. रब्बीच्या पेरणीपूर्वीं बीं पारखण्याची ही जुनी युक्ति असावी, असें पुष्कळांचें मत आहे व तें आम्हांस ग्राह्य वाटतें. म्हणून घटाशेजारीं मुलांकडून एक खरी उगवण-परीक्षाही करवावी. ओल्या गोणपाटावर गव्हाचे शंभर दाणे दहा-दहांच्या ओळींत मांडून गुंडाळी करावी, रोज पाणी शिंपडावें, व आठव्या दिवशीं कोंब मोजावे. प्रमाणित गव्हास व हरभऱ्यास निदान ८५ टक्के उगवण असावी लागते. गेल्या वर्षीं नातीनें आमच्या घरच्या कणगींतील गव्हाचे ७१ कोंब मोजून गांवीं कळविलें, आणि आम्हांस त्या बियाण्याचा विचार सोडावा लागला.

किल्ला.— दिवाळीची सुटी लागली कीं पुण्याच्या वाड्यांच्या अंगणांतून पोरें मातींत लोळूं लागत. वाडे गेले, अंगणें गेलीं, पण किल्ल्याची हौस गेली नाहीं. मात्र तिची सोय म्हणून प्लॅस्टरचे तयार किल्ले रस्त्यांवर विकावयास येऊं लागले आहेत. विकतचा किल्ला दहा मिनिटांत मांडून होतो आणि उरलेली सुटी मुलें पुन्हां भ्रमणध्वनीपुढें बसतात. माती हवी म्हणून टेकडीवरून पोतें भरून आणणें हाही उपाय नव्हे. वेताळ टेकडी काय किंवा पर्वतीचा उतार काय, तेथें कातळावर मातीचा पातळ थर आहे. तो तयार होण्यास शेंकडों वर्षें लागलीं आहेत, आणि तोच गेला तर गवत कशावर उगवावें?

माती थोडी लागावी याचें मर्म असें आहे कीं, किल्ल्याच्या पोटांत माती घालावयाचीच नाहीं. सज्जांत जुना पत्रा किंवा फळी टाकून तिला एका बाजूनें किंचित् उतार द्यावा. तीवर विटा, फुटक्या कुंड्या, नारळाच्या करवंट्या व दगड रचून डोंगराचा आकार आणावा. त्यावर जुनें गोणपाट पातळ चिखलांत बुडवून पसरावें व बोटांनीं दाबून कडे, खिंडी, सोंडा काढाव्या. मग वरून दोन बोटें जाडीचा मातीचा थर द्यावा. अशा रीतीनें दोन हात लांबीचा किल्ला आमच्या तीन घमेल्यांत बसला.

किल्ला खराच असावा, मनःकल्पित नसावा. आमची शिफारस राजगडाची आहे. रायगडापूर्वीं शिवाजी महाराजांची राजधानी येथें होती. मध्यें उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांस पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या, अशी त्याची रचना मुलांच्या लक्षांत चट्‌कन् राहते. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या लष्करी स्थळांतील बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले, त्यांत पुणें जिल्ह्यांतील राजगड, शिवनेरी व लोहगड हे तीन आहेत. बांधण्यापूर्वीं एकदां मुलांना तेथें न्यावें, आणि दरवाजापेक्षां पाण्याचीं टाकीं अधिक दाखवावीं. उंच कातळावर शेंकडों माणसें कशी राहत, हें टाक्यांवांचून कळत नाहीं. आपल्या किल्ल्यावरही एक वाटी पुरून तळें करावें.

आतां पेरणी. याकरितां अळिवासारखें बीं नाहीं. पंधरा मिनिटें पाण्यांत ठेवलें कीं प्रत्येक दाण्याभोंवतीं बुळबुळीत आवरण येतें, आणि त्यामुळें तो उभ्या कड्यालाही चिकटून बसतो. मोहरीचे व गव्हाचे दाणे तेथून घरंगळतात. वसुबारसेच्या आधीं पांच-सहा दिवस पेरावें, वर गोणपाटाचा ओला तुकडा झांकावा, व कोंब दिसतांच तो काढावा. दिवाळीच्या मुख्य दिवसांपर्यंत डोंगर हिरवा होतो. पाणी झारीनें न घालतां हातानें शिंपडावें. पहिल्या वर्षीं आमच्या नातवानें उत्साहानें तांब्या ओतला आणि सुवेळा माची सज्जाच्या नळींतून खालच्या बिऱ्हाडांत गेली. त्या मंडळींची क्षमा मागावी लागली.

त्या अपघातांतूनच पुढील वर्षींचा प्रयोग सुचला. एका माचीवर अळीव दाट पेरला, दुसरी उघडी ठेवली, व दोन्हींच्या पायथ्याशीं एकेक वाटी लावली. दिवाळी सरल्यावर दोन्हींवर सारखेंच एक-एक भांडें पाणी झारीनें घातलें. हिरव्या माचीखालचें पाणी जवळजवळ नितळ आलें आणि थोडें आलें. उघड्या माचीखालची वाटी लालसर चिखलानें भरून वाहिली. नंतर गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन उघड्या माचीवर समान उंचीच्या खुणा केल्या, त्या खुणांवरून बोटानें आडवे बांध घातले व पुन्हां पाणी दिलें. या वेळीं प्रत्येक बांधाआड पाणी थबकून मुरलें. पुरंदर तालुक्यांतील नायगाव येथें विलासराव साळुंखे यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर उताराच्या हलक्या जमिनीवर याच तत्त्वानें बांध व पाझर तलाव करून पाणी अडविलें, आणि त्यांतूनच पाणी पंचायतीचें काम उभें राहिलें. नातीनें दोन्ही वाट्या आजही जपल्या आहेत. एकींत वाळलेला गाळ बोटभर आहे, दुसरींत तळ दिसतो.

मावळे विकत न आणतां उरलेल्या मातीचे करावे. ते ओबडधोबडच होतात. एका मावळ्याची ढाल त्याच्याहून मोठी झाली होती, तरी त्यालाच महादरवाजावर पहाऱ्यास ठेवण्यांत आलें.

तुलसीविवाहानंतर किल्ला मोडावा. अळिवाचा पाला कात्रीनें कापून घ्यावा. माती स्वच्छ वापरली असेल तर धुऊन त्याची कोशिंबीर चांगली होते. मुळांसकट मातीचे ढेकूळ आठ दिवस सुकूं द्यावे, दगड-विटा वेगळ्या काढाव्या, आणि माती कुटून चाळून पोत्यांत भरावी. आमचें पोतें यंदा मोजलें तेव्हां अडीच घमेलीं भरलें. उणें पडलेलें अर्धें घमेलें तुळशींत, कुंड्यांत व थोडें खालच्या बिऱ्हाडाच्या सज्जांत गेलें. तें आतां संक्रांतीस गांवाहून येतांना मळ्यांतून आणावयाचें आहे. पोत्यावर नातीनें खडूनें तारीख घातली आहे. ती भरल्याची आहे, संपण्याची जागा तिनें कोरी ठेविली आहे.